काचेमागचा माणूस

बारामतीच्या मार्केट यार्डातून किराणा किंवा भुसार माल भरून इंदापूरकडे निघणाऱ्या गाड्यांत दहा-बारा वर्षे वापरलेल्या पिकअप पुष्कळ दिसतात. इंजिन दणकट, पाटे शाबूत, टायर नुकतेच बदललेले. आणि चालकाच्या दाराच्या काचेत मात्र घडी घातलेला पुठ्ठा खोचलेला. बटण दाबले की काच अर्ध्यावर थांबते आणि हाताने ओढून वर आणली तर हादऱ्यांनी पुन्हा खाली घसरते, म्हणून हा इलाज. पलीकडचे दार आतून उघडत नाही, तेव्हा त्या बाजूला बसलेल्या हमालाने चालकामागून उतरायचे, असा शिरस्ताच पडून गेलेला असतो. हे महिनोन्महिने चालते, कारण त्यामुळे गाडी थांबत नाही. ज्या बिघाडाने खेप चुकत नाही, तो पेढीच्या हिशेबात बिघाड म्हणून धरलाच जात नाही.

यात एक गोष्ट नजरेतून सुटते. खर्चाला मंजुरी देणारा माणूस त्या काचेमागे बसत नाही. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी अशी गावे मागे टाकीत इंदापूर गाठायचे, तर उसाच्या हंगामात पुढे जोडट्रॉल्यांची रांग असते आणि धूळ व पाचटाचा कचरा थेट तोंडावर येतो. काच लागली नाही तर तो सारा चालकाच्या छातीत जातो. काच उघडली नाही तर एप्रिल-मे महिन्यांत केबिनची भट्टी होते. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू गाड्यांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक केले आहे. तापलेल्या केबिनमध्ये तासन्तास बसणारा माणूस थकतो आणि चुकतो, हे त्यामागचे कारण. जुन्या गाडीला हा नियम लागू नाही. तिच्यात काच हीच काय ती हवा. शिवाय परतीच्या खेपेत वसुलीची रक्कम आणि पावतीपुस्तके केबिनमध्ये असतात. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणच्या आसपास गाडी बाजूला घेऊन चालक दोन तास डोळा लावतो, त्या वेळी दाराचे कुलूप लागते की नाही, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

जंक्शनहून फाटा फुटतो तो वालचंदनगरला. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव या वसाहतीला आहे आणि भारतात मोटारी बनविण्यासाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन करणारेही तेच. त्या काळच्या गाड्यांना काच वर-खाली करण्यासाठी दांडी फिरवावी लागे. दांडी अडली की कुठे अडली ते हाताला कळे. १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ च्या पिढीपर्यंत चालकांचा हात या दांडीवरच बसलेला होता. दांडीच्या जागी बटण आले आणि हाताचे ते ज्ञान संपले. बटण मुके असते. काच हलली नाही की ‘मोटर गेली’ असा निकाल जागच्या जागी लागतो, नवी मोटर येते, आणि आठवड्याने काच पुन्हा जिथल्या तिथे. व्यापारी मग म्हणतो, जुन्या गाडीवर पैसा घालण्यात अर्थ नाही. वास्तविक पैसा गाडीवर नव्हे, चुकीच्या जागी घातला गेला असतो.

जुन्या गाडीत मोटरपेक्षा तारच अधिक वेळा दगा देते. माल पोचविणाऱ्या गाडीचे चालकाकडील दार दिवसातून कितीतरी वेळा उघडते आणि मिटते. दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची एक लवचिक नळी असते. काचेच्या आणि कुलपाच्या सगळ्या तारा तिच्यातून जातात. प्रत्येक उघडझापीला त्या तारा एकाच जागी वाकतात. आठ-दहा वर्षांनी आतले तांबे तुटते, वरचे प्लॅस्टिकचे आवरण मात्र साबूत दिसते. म्हणून डोळ्याने दोष सापडत नाही. तपासण्याची रीत सोपी आहे आणि ती वायरमनच्या दुकानात जाण्यापूर्वीच करता येते: एकाने बटण दाबून धरावे, दुसऱ्याने दार हळूहळू उघडावे व मिटावे. दाराच्या एखाद्या कोनात काच अचानक हलली, तर दोष मोटरमध्ये नाही, त्या नळीत आहे. काच आणि कुलूप एकाच वेळी, एकाच दाराचे बंद पडले असेल, तर संशय आणखी बळावतो.

अशी तार पिळून, वर टेप गुंडाळून दिली की चालू होते, हे खरे. पण टेप उन्हाने सुटतो आणि पिळलेला सांधा पुन्हा त्याच जागी वाकून तुटतो. सांधा वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घ्यावा, मध्ये मऊ, बारीक पदराच्या तारेचा थोडा जास्त लांबीचा तुकडा जोडावा, सोल्डरिंग करावे आणि वर तापवल्यावर आवळून बसणारी स्लीव्ह चढवावी. चार तारा असतील तर चारही सांधे एका ओळीत येऊ देऊ नयेत. नाहीतर नळीत गाठ तयार होते. कामाला तासभर अधिक लागतो, म्हणून घाईत असलेला कारागीर ते टाळतो. गाडीमालकाने आग्रह धरायचा तो इथे.

नळीतल्या तारा ठीक निघाल्या तर पुढचा शोध कानाने घ्यावा. बटण दाबल्यावर दारातून अजिबात आवाज येत नाही, म्हणजे वीज पोचत नाही: फ्यूज, रिले किंवा बटण पाहावे. सगळ्याच काचा एकदम थांबल्या असतील तर आधी फ्यूज. चालकाच्या बटणाने हलत नाही, पण त्या दाराच्या स्वतःच्या बटणाने हलते, तर बहुधा चालकाकडील बटणाचे पॉइंट जळलेले किंवा धुळीने भरलेले असतात. आवाज येतो, केबिनचा दिवा किंचित मंदावतो, तरी काच जागची हलत नाही, तर मोटर जिवंत आहे आणि काच अडली आहे. मोटर मोकळी फिरल्याचा आवाज येतो आणि काच स्वस्थ, तर काच उचलणाऱ्या मशिनची केबल तुटली किंवा दाते झिजले. मोटरच्या तारांवर मीटर लावून ‘बारा व्होल्ट आले’ म्हणणाऱ्यावर मात्र लगेच विसंबू नये. तारेचा एकच पदर शाबूत असला तरी मीटर पूर्ण आकडा दाखवितो, भार पडला की तोच पदर हात टेकतो. टेस्ट लॅम्प लावला, तर दिवा मंद पेटून खरे काय ते सांगतो. मोठ्या ट्रकांत विजेची व्यवस्था चोवीस व्होल्टची असते, पिकअपमध्ये बारा. पिकअपची मोटर ट्रकला जोडून जाळल्याची उदाहरणे कारागिरांना ठाऊक असतात.

काच फार सावकाश चढत असेल तर पुष्कळदा दोष तिच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खाचांचा असतो. खाचांत मातीचा थर बसतो. तिथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस सोडण्याची सवय वाईट. रबर फुगते आणि धूळ अधिक चिकटते. खाच ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, सिलिकॉन स्प्रे मारला की थकलेली मोटरही काच उचलते. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, तीही काडीने मोकळी करावीत.

कुलपाची गोष्ट थोडी वेगळी. सेंट्रल लॉक असलेल्या जुन्या गाड्यांत बहुधा चालकाच्या दाराचे यंत्र इतर दारांना हुकूम देते. सगळीच दारे ऐकेनाशी झाली तर इतरांचे भाग बदलण्याआधी हे एक तपासावे. त्याहीपूर्वी, आतल्या दांड्या हाताने ओढून पाहाव्यात. वाळलेल्या ग्रीसने कडीच जाम असेल तर विजेचे छोटे यंत्र बिचारे काय करणार? कडी साफ करून तिला नवे, पातळ ग्रीस द्यावे. चावीच्या छिद्रात मात्र तेल नको, ग्रॅफाइटची पूड बरी. आणि झिजलेल्या चावीवरून दुसरी चावी काढली, तर झीजही तिच्यात उतरते. कुलूप पाहून नवी चावी घडविणारा कारागीर शोधलेला बरा.

एका बाबतीत तडजोड नको. वीज असो वा नसो, प्रत्येक दार आतल्या हँडलने उघडलेच पाहिजे. रविवारी हीच पिकअप घरासमोर उभी असते आणि मुले तिच्यात खेळायला चढतात. उन्हात उभ्या गाडीत आतून न उघडणारे दार म्हणजे किती मोठा धोका, हे सांगायला नको. जुन्या गाड्यांच्या काचा मध्ये हात आला तरी आपोआप थांबत नाहीत. दुरुस्त झालेली काच पूर्वीपेक्षा जोराने चढते, हेही घरात सांगून ठेवावे.

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की तिच्या तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. त्या निमित्ताने एमएच-४२ क्रमांकाच्या गाड्या एक-दोन दिवस उभ्या राहतातच. दाराचे पॅड उघडायला तो काळ सोयीचा. गाडी कारागिराकडे नेण्याआधी मालकाने चालकाच्या जागेवर बसून, दार लावून, चारही बटणे स्वतः दाबून पाहावीत आणि काय झाले ते कागदावर लिहून द्यावे. ‘काच चालत नाही’ एवढेच सांगितले तर मोटर बदलली जाते; ‘दार अर्धे उघडल्यावर काच चालते’ असे लिहिले तर तार जोडली जाते. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. पॅडखालचा प्लॅस्टिकचा पडदा कारागीर घाईत फाडून टाकतात, तो पुन्हा चिकटविला की नाही, तेही पॅड बसविण्यापूर्वीच पाहावे.