प्याला आणि भरली वांगी

वर्ध्याच्या माणसाने वाईनवर लिहावे, म्हणजे ब्रह्मचाऱ्याने संसारावर व्याख्यान देण्यासारखेच! १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. आमचा जिल्हा दारूबंदीचा. पण यंदा सुट्टीत अकलूजला स्नेह्याकडे गेलो आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो प्याला ओठांना लागला.

सोलापूर जिल्ह्यातले अकलूज आपल्याला ठाऊक ते उसासाठी. तिथे आता इटलीतल्या टस्कनीची सांजोवेसे जातीची द्राक्षेही पिकतात आणि त्यांची लाल वाईन होते. पहिला घोट जांभळासारखा, आंबट-तुरट. वर्गात मी नवरस शिकवतो. षड्रसांतल्या 'कषाया'ची अशी भेट प्रथमच! हा तुरटपणा द्राक्षांच्या साली-बियांतला. झणझणीत रश्श्याबरोबर तो जिभेला अधिकच पोळवतो; पण दाण्याचे कूट भरलेल्या, तेल सुटलेल्या वांग्यांबरोबर अगदी मवाळ होतो.

निघताना स्नेह्याने एक बाटली पिशवीत घातली. मी ती काढून ठेवली. कायद्याची भीती होतीच. पण डोळ्यांपुढे आली ती आमच्याकडची धुणी-भांडी करणारी बाई. बंदी असूनही तिच्या नवऱ्याला हवी तेव्हा मिळते. त्याच्या पगाराच्या दिवशी ती काम आटोपूनही आमच्या ओसरीत बसून राहते. तिच्यादेखत बाटली मांडून षड्रसांची चर्चा करणे मला जमले नसते.

या दिवाळीत घरी भरली वांगी झाली. सोबत ताक. "पेल्यात काय शोधताय?" सौभाग्यवतींनी विचारले.

"तुरट चव," मी म्हणालो.

जेवणानंतर त्यांनी मुकाट्याने सुपारीचे खांड माझ्या हातावर ठेवले.