भिंतीतला लांब दगड



सप्टेंबर महिन्याची अखेर जवळ आली की माझे मन एका पहाटेकडे वळते. ३० सप्टेंबर १९९३, वार गुरुवार. चार वाजायला चार मिनिटे कमी होती. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी गावाच्या आसपास भूमी हादरली. हादरा काही सेकंदांचाच होता. परंतु तेवढ्यात सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. बावन्न गावे अशी जमीनदोस्त झाली की ती पुढे नव्या जागी वसवावी लागली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती. आपल्याकडे तोच दिवस महादूतांच्या सणाचा.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमचे गाव सीमेपलीकडे, बीदर जिल्ह्यात बसवकल्याणच्या बाजूला. त्या भागात मराठी घरोघर बोलली जाते. गावात ख्रिस्ती कुटुंबे मोजून चार. मी शहरातल्या बोर्डिंगात शिकत होतो; पण ताप आल्यामुळे आठ दिवसांसाठी घरी आलो होतो. फळीवरची भांडी खणखणू लागली तेव्हा मला वाटले, मांजर शिरले असेल. तेवढ्यात बाबांनी मला घोंगडीसकट उचलले आणि अंगणात आणून टाकले. उजाडेपर्यंत सारा गाव रस्त्यावर उभा होता. आमच्या गावात कोणी दगावले नाही. दोन-चार भिंतींना तडे गेले, एवढेच. आईने देवाचे आभार मानले आणि चूल पेटवली. दुपारनंतर रेडिओवरून आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून बातम्या येऊ लागल्या, तेव्हा चुलीजवळ बसलेल्या बायका पदराने डोळे पुसू लागल्या.

माझे बाबा गवंडी होते. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला मान होता. तिसऱ्या दिवशी गावातून भाकऱ्या, घोंगड्या आणि कुदळी भरून एक ट्रक निघाला, त्यात बाबाही गेले. पाच दिवसांनी परतले. पाऊस सुरू होता. ते अंगणातच कपडे काढून किती तरी वेळ अंगावर पाणी घेत राहिले. जेवायला बसले, पण घास तोंडात जाईना. प्रेतांना अग्नी द्यायला लाकूड पुरत नव्हते, एवढेच त्यांनी आईला सांगितले. त्या रात्री ते झोपले नाहीत. कंदील घेऊन आमच्याच घराच्या भिंती बोटांनी चाचपत फिरताना मी त्यांना पाहिले.

त्या भिंतींविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तुमच्यापैकी कित्येकांची वडिलोपार्जित घरे अशाच भिंतींची आहेत. आपल्याकडील जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड असते आणि ती पाहून माणसाला धीर येतो. वस्तुतः ती एक भिंत नसते, शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन भिंती असतात. एक दर्शनी अंग बाहेरचे, एक आतले. मधल्या पोकळीत बारीक दगड आणि चिखल. ही दोन अंगे एकमेकांना धरून राहावीत म्हणून मधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब दगड आडवा घालावा लागतो. तो नसेल तर भूमी हलताच दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि कोसळतात. वर माळवद, दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पसरायची, जुनी काढायची नाही. अशा रीतीने माणसाच्या डोक्यावर फूट-दोन फूट मातीचा भार होतो. किल्लारीत माणसे बहुतांशी या दगडांखाली आणि या मातीखाली गुदमरून मेली. जेथे माळवद लाकडी खांबांवर आणि तुळयांवर तोललेले होते, तेथे भिंत पडूनही पुष्कळदा सांगाडा उभा राहिला. गरिबाची कुडाची झोपडीही बहुधा वाचली.

भूगर्भशास्त्राच्या नकाशात हा भाग तोवर सर्वांत कमी धोक्याचा गणला जात असे. दख्खनचा काळा खडक हलायचा नाही, अशी शहाण्यांची समजूत होती. १९९२ साली किल्लारीच्या परिसरात पुष्कळ लहान धक्के बसले होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले आणि धक्के थांबताच पुन्हा माळवदाखाली गेले. त्यांना दोष कोण देणार? घर सोडून माणूस किती दिवस राहील? २००२ साली नकाशा बदलण्यात आला आणि तो भाग अधिक धोक्याच्या पट्ट्यात घालण्यात आला.

आता बाबांविषयी. ते परत आल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतले आणि शेजारच्या आळीतील एका वृद्ध शेतकऱ्याच्या दारी गेले. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. त्यांच्या घराची पश्चिमेची खोली बाबांनी आदल्या वर्षी गुत्त्याने बांधली होती. बाबा ओसरीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "आप्पा, तुमच्या पश्चिमेच्या भिंतीत मी लांब दगड घातले नाहीत. पाथरवटाला त्याचे पैसे जास्त पडतात. पैसे तुमच्याकडून घेतले आणि दगड घातले नाहीत."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी नातवंडं त्या भिंतीखाली झोपतात, मास्तर." त्यांनी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. ते उठून आत गेले आणि दार लावून घेतले. बाबा दारासमोर तसेच उभे. परत येताना वाटेत त्यांनी मला सांगितले, "त्या पैशांतून तुझी बोर्डिंगची पहिली फी भरली. तुला ठाऊक असावं म्हणून आणलं."

वाचकहो, त्या वयात मला या वाक्याचा भार कळला नाही. मला फक्त एवढे कळले की बोर्डिंगात माझ्या खाटेजवळ जी पेटी होती आणि तिच्यात जी पुस्तके होती, ती दुसऱ्या कोणाच्या नातवंडांच्या उशापासून काढून आणली होती.

त्या उन्हाळ्यात बाबांनी आप्पांची खोली उतरवली. आधी माळवदाची माती टोपल्यांनी खाली आणली, मग भिंत वरून खाली एक-एक थर काढत नेली आणि लांब दगड घालून पुन्हा रचली. मजुरी घेतली नाही. दगडांसाठी आमची म्हैस विकली. सुट्टीत मी चिखल तुडवायला असे. आप्पा दररोज झाडाखाली बसून पाहत; एक शब्द बोलत नसत. काम संपले त्या दिवशी त्यांनी ओळंबा मागून घेतला, स्वतः भिंतीला लावून पाहिला आणि परत दिला. पुढच्या वर्षी ज्वारीची रास झाली तेव्हा त्यांच्याकडून एक पोते आमच्या दारी आले. सोबत निरोप नव्हता. बाबांनी पोते पाहिले आणि आत जाऊन बसले.

त्या काळी पुष्कळजण म्हणत, किल्लारीवर देवाचा कोप झाला. हे ऐकले की मला शिलोहाच्या बुरुजाची आठवण होते. तो बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती, आणि ती माणसे यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने लोकांना बजावले. जे मेले त्यांच्या पापांचा हिशेब त्याने मांडला नाही. जे उभे होते त्यांनाच पश्चात्ताप करण्यास सांगितले. किल्लारीच्या आयाबाया आणि लेकरे कोणत्याही पापाची शिक्षा म्हणून मेली नाहीत. भूमी हलली ती तिच्या पोटातील कारणांनी. परंतु भिंती माणसांनी रचल्या होत्या. काही अज्ञानाने, काही गरिबीने आणि काही, माझ्या बाबांनी रचली तशी, ठाऊक असूनही.

पापनिवेदनात पुष्कळ माणसे रागाची, शिवीगाळीची, चुकलेल्या मिस्साची कबुली देतात. हातच्या कामात केलेली लबाडी क्वचितच कोणाच्या तोंडी येते. सिमेंटात वाळू वाढवली, सळई कमी घातली, विहिरीचा कठडा कच्चा ठेवला, विजेची तार उघडी सोडली. हे पाप आहे असे आपल्याला वाटतच नाही, कारण ते भिंतीच्या आत असते आणि वरून गिलावा असतो. शिवाय अशा पापाचे निवेदन पुरेसे नसते. घेतलेले परत करावे लागते. बाबा आमच्या धर्मगुरूंकडे गेले ते आप्पांच्या दारातून परतल्यानंतर, त्याआधी नव्हे. हा क्रम मी माझ्या धर्मजीवनात फार उशिरा समजलो.

बाबा आता नाहीत. आजारपणात ते मला म्हणाले होते, "माझी ती गोष्ट लोकांना सांगत जा. माझं नाव गेलं तरी चालेल, पण एखाद्याची भिंत नीट होईल." म्हणून हे लिहिले. आप्पांची खोली आजही उभी आहे आणि तिच्यात त्यांची पतवंडे झोपतात.

येत्या ३० सप्टेंबरला मिस्सामध्ये किल्लारीच्या मृतांसाठी आपण प्रार्थना करू. ते कोणत्या धर्माचे होते हे विचारण्याचे कारण नाही. त्यानंतर घरी गेल्यावर एक काम करा. तुमची मुले जेथे झोपतात त्या भिंतीकडे पाहा. ती फुगली आहे काय, कोपऱ्यात तडा आहे काय, माळवदावर किती वर्षांची माती साठली आहे, हे जाणत्या गवंड्याला दाखवा. साठलेली माती उतरवायला पैसा लागत नाही, चार माणसांचे हात लागतात. ते आपल्या धर्मग्रामात आहेत. आणि तुमच्यापैकी जे कोणी दुसऱ्याचे घर बांधतात, त्यांनी एखादी भिंत आठवून झोप उडत असेल, तर त्या घरच्या माणसाकडे आधी जावे. माझे दार नंतरही उघडे असेल.