दुधाचा आंबटपणा सोड्याने झाकू नये

मुंबईतील गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांत पहाटे जे दूध पोहोचते, त्याचा मोठा भाग दूरच्या खेड्यांतून येतो. 1945 मध्ये मुंबई दूध योजनेसाठी आणंदहून पाश्चरीकरण केलेले दूध रेल्वेने मुंबईस येऊ लागले. आज पश्चिम महाराष्ट्रातूनही दूध शीत टँकरने जाते. वाट लांब असली म्हणजे आंबण्याचे भय आलेच. या भयापोटी कोठे कोठे दुधात खाण्याचा सोडा टाकला जातो. ही चाल सर्वथा त्याज्य होय, आणि तिचे कारण प्रत्येक उत्पादकास समजले पाहिजे.

दुधातील जंतू साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. हे सौम्य आम्ल होय. शेतकरी जसे थोडे धान्य बाजारात आणतो व उरलेले कणगीत ठेवतो, तसे सौम्य आम्ल आपल्या आम्लकणांपैकी काहीच पाण्यात मोकळे सोडते. मोकळे कण खर्ची पडले की आणखी सोडते. सामू म्हणजे या मोकळ्या कणांचे माप. ते 1909 मध्ये सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने सुचविले. सामू 7 म्हणजे उदासीन. तो एकाने उतरला की मोकळे आम्लकण दसपट होतात.

ताज्या दुधाचा सामू 6.6 ते 6.8 असतो. दुधातील केसीन, फॉस्फेट व सायट्रेट हे नव्या आम्लाचा बराच भाग सामावून घेतात. अशा द्रावणास बफर म्हणतात. म्हणूनच दूध बिघडू लागले तरी आरंभी सामू सावकाश उतरतो आणि केवळ सामूची पट्टी पाहणारा फसतो. संकलन केंद्रावर अल्क थेंबाथेंबाने घालून एकूण आंबटपणा मोजतात तो याचसाठी. सामू 4.6 च्या सुमारास आला की केसीन साकळते व दही लागते.

ताज्या दुधातही सुमारे 0.14 टक्के आंबटपणा दिसतो. तो नासण्याचा नसून केसीन व फॉस्फेट यांचा असतो. हे ठाऊक नसल्याने आपल्यावर अन्याय झाला, असे काही उत्पादकांस वाटते. केंद्रचालकाने केवळ 'दूध परत' न म्हणता आकडा व त्याचा अर्थ सांगावा. ते त्याचे कर्तव्य होय.

सोड्याने आम्ल मारले जाते, जंतू मरत नाहीत. आंबटपणा ही त्यांची वर्दी असते. ती दडपली की जंतू निर्वेध वाढतात. काही जंतूंचे विष तर उकळल्यानेही जात नाही. चाळीतील मातेने विश्वासाने मुलापुढे ठेवलेल्या पेल्यात ते उतरू शकते. सोडा लपतही नाही: रोझॉलिक आम्लाच्या कसोटीत असे दूध गुलाबी-तांबडे होते. कायद्यानेही अशी भेसळ निषिद्ध आहे.

खरा उपाय स्वच्छता व शीतता हाच होय. कास धुऊन पुसावी, भांडी उन्हात वाळवावी, सकाळचे व सायंकाळचे दूध मिसळू नये, आणि धार काढताच दूध केंद्रावर नेऊन 4 अंश सेल्सियसपर्यंत थंड करवावे. ज्या गावी शीतकरणाची सोय नाही, तेथे ग्रामसेवकांनी सहकारी संस्थेमार्फत ती उभी करण्यास झटावे. सोड्याच्या पुडीने एक दिवसाचे दूध खपेल. गावाची पत मात्र कायमची जाईल.