माहेराविना बाळंतपण

आपल्याकडे पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी धाडतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी आणि सवा महिना बाळंतिणीला खाटेखाली पाय ठेवू न देणारी आई. या साऱ्या थाटामागे साधा हिशेब आहे. बाई अडली तर हाकेला धावणारे माणूस जवळ असावे. जिचे गावच मागे राहिले, तिने हाक कोणाला मारायची?

मावळात ही बाई शोधायला लांब जावे लागत नाही. आपण लोणावळ्याला धुके पाहायला आणि चिक्की घ्यायला जातो, तेव्हा ती नव्या बंगल्यांच्या बांधकामावर घमेली उचलत असते. कोठे वीटभट्टीवर असते. पवन मावळात संत तुकाराम साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की उसाच्या फडालगत कोप्या पडतात, त्यांतही ती असते.

फडावर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती या कोयत्यावर. माझी हयात बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेली. पण असे तारण मी तिथे पाहिले नाही. इथे तारण म्हणजे दोन माणसांची शरीरे, आणि त्यांतले एक गरोदर असले तरी सूट नाही. काम चुकले की ‘खाडा’ पडतो, खाड्याचे पैसे उचलीत चढतात. म्हणून दिवस भरत आले तरी ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेली फळी चढते. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, सरकारने चौकशी समिती नेमली. त्या प्रकरणातही हे खाड्याचे गणित होतेच.

सरकार काही करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली. 2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि गाडी मोफत आहे. 2017 पासून पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये आहेत. अडते ते कागदावर. तिची नोंद गावच्या आशाताईंच्या वहीत. माता-बाल संरक्षण कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. खाते दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या शाखेत. माणूस आणि त्याचा पत्ता कायम एकाच जागी असतात, असे धरून आपण सगळे अर्ज छापले. (आम्ही बँकवाले यात सर्वांत पुढे!) इथल्या आशाताई गावच्या घरांची यादी घेऊन फिरतात, फडावरच्या कोपीला घरनंबर नसतो.

मग एखाद्या रात्री कळा सुरू झाल्यावर ती थेट दवाखान्याच्या दारात येते. पाचव्या महिन्यात रक्तदाब किती होता, हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, डॉक्टरांच्या हाती काही नाही. झटके येऊ लागले किंवा रक्तस्राव थांबेना, तर ही माहिती नसणे जिवावर बेतते. बाई झारखंडची किंवा बिहारची असली, तर कळा केव्हापासून येताहेत हे विचारायलाही दुभाषा लागतो.

प्रसूतीच्या हक्काची गोष्ट या राज्याला नवी नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिलाभ विधेयकाची बाजू मांडली, 1929 साली कायदा झाला. 1961 च्या केंद्रीय कायद्याने पुढे सव्वीस आठवड्यांची पगारी रजा दिली. पण रजा द्यायला मालक लागतो. फडावर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कोयत्याकडे. बांधकाम मजुरांसाठी 1996 साली कायदा झाला, नोंदणी असेल तर राज्याच्या मंडळाकडून बाळंतपणाला 15,000 रुपये, शस्त्रक्रियेला 20,000 मिळतात. त्या नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि जबाबदारी गळ्यात पडेल म्हणून ठेकेदार सहीला कां-कूं करतो.

फार मोठा खर्च मी सुचवत नाही. उचल कोणाला दिली, हे मुकादमाच्या वहीत पैशापर्यंत टिपलेले असते. टोळ्यांचा हिशेब कारखान्याच्या शेती खात्यात असतो. त्या यादीत बायकांच्या नावापुढे ‘कितवा महिना’ हा एक रकाना वाढवावा. गाळपाच्या पहिल्या आठवड्यात तिची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी, म्हणजे परिचारिका दर पंधरवड्याला रक्तदाबाचे यंत्र घेऊन त्या कोपीपर्यंत जाऊ शकेल. लोणावळ्यात बांधकामाचा परवाना देताना नगरपरिषदेनेही ठेकेदाराकडून तीच यादी मागून घ्यावी.