दोरीवर पीठ

स्टुटगार्टमध्ये राहायचं तर जर्मन शिकावं लागतं, हे सगळे सांगतात. जर्मनच्या जोडीला तुर्कीही कानावर पडत राहते, हे मात्र कुणी सांगत नाही. १९६१ साली तेव्हाच्या पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला, आणि थोड्या वर्षांसाठी म्हणून आलेली कितीतरी माणसं इथलीच होऊन गेली. आमच्या इमारतीखालचं किराणा-भाजीचं दुकान अशाच एका घराचं. गल्ल्यावरच्या बाईंना सगळे 'तेयझे' म्हणतात, म्हणजे मावशी. त्यांचं 'पेयनिर' म्हणजे चीज, आपल्या पनीरचं सख्खं भावंड. अशी ओळखीची नाती निघायला लागली की भाषा शिकायला मजा येते.

तर गेल्या हिवाळ्यात आमचं हीटिंग बंद पडलं. इमारतीची देखभाल बघणाऱ्यांकडून रोज नवं कारण. पार्ट मागवलाय. माणूस रजेवर आहे. तुमची तक्रार दुसऱ्या विभागाकडे गेली. मी स्वेटरवर स्वेटर चढवून दुकानात ही कर्मकहाणी सांगत होते, तेव्हा तेयझे म्हणाल्या, "इपे उन सेरियोर्लार." म्हणजे दोरीवर पीठ पसरताहेत! ('उन' म्हणजे पीठ. दोरी आणि उन ऐकल्यावर मराठी माणसाला वाळत घातलेले कपडेच आठवणार, पण तसं नाही.)

यामागे गोष्ट आहे नसरेद्दीन होजाची. आपण त्याला मुल्ला नसरुद्दीन म्हणतो तोच. शेजारी कपडे वाळत घालायची दोरी मागायला येतो. होजा आत जाऊन येतो आणि सांगतो, "नाही देता येणार, बायकोने दोरीवर पीठ वाळत घातलंय." शेजारी म्हणतो, "अहो, दोरीवर कधी पीठ वाळत घालतात का?" होजा म्हणतो, "द्यायची इच्छा नसली की घालतात."

आजही तुर्कीत कुणी काम टाळायला सबबी काढू लागला की 'दोरीवर पीठ पसरतोय' म्हणतात, मग तो घरचा असो नाहीतर मंत्री. सबबीवरून आठवलं, तुर्कीत 'सेबेप' म्हणजे साधं सरळ कारण. आणि आपल्याकडे 'सबब सांगू नकोस' म्हटलं की कारण खोटंच असणार हे धरून चाललेलं. 'बहाणा' मात्र दोन्हीकडे बहाणाच!

आपल्याकडे 'नाचता येईना अंगण वाकडं' आहे. पण ती म्हण ज्याला जमत नाही त्याची. होजाला दोरी देणं सहज जमलं असतं. त्याला द्यायची नव्हती. जमत नाही आणि करायचं नाही यातला फरक तुर्कीने नेमका पकडलाय. आपल्याकडे 'टोलवाटोलवी', 'चालढकल', 'उडवाउडवी' असे भरपूर शब्द आहेत, पण मनातच नव्हतं हे त्यात कुठे येत नाही.

तरीही तेयझेंनी ती म्हण हीटिंगवाल्यांना लावली ते मला पुरतं पटलेलं नाही. वापर बरोबरच आहे, तक्रार ती नाही. पण गोष्टीतला होजा मला त्या लोकांपेक्षा कितीतरी सभ्य वाटतो. त्याची सबब इतकी उघड खोटी आहे की ती नकारच आहे. वर विचारल्यावर तो कबूलही करतो. शेजारी दुसऱ्या दारात दोरी मागायला मोकळा. अकशेहिरला होजाची कबर दाखवतात, तिथे म्हणे दाराला भलंमोठं कुलूप आणि भोवती भिंतींऐवजी नुसते खांब. तोच प्रकार. फसवायचा आव आणायचा, पण फसवायचं कुणालाच नाही.

खरा त्रास होतो पटण्यासारख्या सबबींचा. पार्ट खरंच येणार असेल या आशेवर मी तीन आठवडे दुसरा इलाज केला नाही. शेवटी विजेचा हीटर विकत आणला, तो पहिल्याच दिवशी आणता आला असता.

आता खरं सांगायचं ते. हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निम्मे घरचेच आहात, म्हणून इथेच लिहिते. आत्या पावसाळ्यात पडली, त्याला आता चार महिने होतील. पुढे तिने एकटीने राहायचं की कुणाकडे जायचं, हा विषय फॅमिली ग्रुपवर निघाला की उत्तरं येतात. दहावीचं वर्ष संपू दे. लिफ्टचं काम होऊ दे. बघू. यातली दहावी खरी आहे, लिफ्टही खरी आहे, आणि म्हणूनच आत्याला काही कळत नाही. तिची बॅग भरलेली आहे, कपाटाशेजारी उभी करून ठेवलीय. दर रविवारी सगळे तिला न चुकता फोन करतात आणि पाऊस किती झाला, गारठा पडला का, ते विचारतात. तुर्कीत अशा गप्पांना 'हवादान सुदान' म्हणतात, हवेच्या नि पाण्याच्या. शब्दाला शब्द आपलं हवापाणीच की!

मी तिला नेऊ शकत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं. दिवसभरासाठी बाई ठेवली तर निम्मा पगार माझा, हेही सांगितलं. ऐकून ती जराही रुसली नाही. म्हणाली, "बरं झालं गं बोललीस, एक नाव कमी झालं."

बाकीची नावं अजून तिच्या यादीत आहेत. शेजारच्या काकूंच्या ओळखीची एक बाई कामाला यायला तयार आहे, पण ती महिनाअखेरपर्यंतच थांबणार, मग दुसरं घर धरणार. आत्या तिला हो म्हणत नाहीये, कारण तुमच्यापैकी कुणीतरी 'बघू' म्हणालंय.

तेव्हा दादा, वहिनी आणि इतर सगळे, या रविवारी पावसाचं राहू द्या. न्यायचं असेल तर तारीख सांगा. नसेल तर दोरीवर पीठ आहे म्हणा, चालेल. आत्याला ही गोष्ट मी सांगून ठेवलीय.