एकी पुष्कळ झाली, आता ओळखी वाढवा



बडोद्यात आपलं स्नेहसंमेलन असो की गणेशोत्सवाचा समारोप, व्यासपीठावरून एक वाक्य हमखास येतं : "आपल्या मराठी माणसांत एकी नाही, म्हणून आपली मुलं नोकरीत मागे पडतात." टाळ्या पडतात, मसालेदूध होतं, सगळे घरी जातात. मला हे वाक्य साफ चुकीचं वाटतं. एकी आपल्यात भरपूर आहे, गरजेपेक्षा जरा जास्तच. कमी आहेत त्या ओळखी.

फरक काय, ते सांगतो. मुलाला नोकरी हवी म्हणून आपण कोणाला फोन करतो? मामाला, आत्याला, व्याह्यांना, भिशीतल्या वहिनींना. दहा घरं फिरलात तरी दहाही घरांत तीच माहिती मिळते, कारण ती त्यांनी एकमेकांकडूनच ऐकलेली असते. कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाचा मुलगा कॅनडाला गेला, हे सगळ्यांना ठाऊक. मकरपुऱ्याच्या एखाद्या कारखान्यात हिशेबाला माणूस हवा आहे, हे मात्र एकालाही ठाऊक नसतं.

हे नुसतं माझं मत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा याच विषयावरचा लेख १९७३ साली प्रसिद्ध झाला. बॉस्टनजवळच्या न्यूटन इथे नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून जागेची बातमी कळली तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले सुमारे १७ टक्के. कधीमधी भेटणारे ५५ टक्क्यांहून जास्त, आणि क्वचितच भेटणारे जवळपास २८ टक्के. म्हणजे सहातल्या पाच जणांना बातमी दिली ती लांबच्या ओळखीने. जवळच्या माणसाला आपल्याबद्दल कळकळ असते, पण लांबच्याकडे आपल्याला नसलेली बातमी असते.

मग आपल्याला ही सवय का लागली नाही? गायकवाडांबरोबर आपले पूर्वज इथे आले ते राज्याच्या चाकरीत. सयाजीराव महाराजांच्या काळातही मोठा आधार राज्याचाच. मालक एकच, त्यामुळे मामाने भाच्याला बोलावलं की काम भागायचं. १९४९ साली संस्थान विलीन झालं आणि तो दरवाजा बंद झाला. पुढे १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, आणि माझ्या पिढीतले बरेच जण जाहिरात वाचून, परीक्षा देऊन बँकेत लागले. तिथून आपण एक समजूत करून घेतली, की मार्क मिळवा, अर्ज टाका, कोणाला विचारायची गरज नाही. त्या दरवाजाने आता फार थोडी मुलं आत जातात. खाजगी नोकरीत कित्येक जागा पेपरात येण्याआधीच भरलेल्या असतात.

मी बँकेत काउंटरवर होतो तेव्हा स्टॉक स्टेटमेंट द्यायला येणारा कारखान्याचा अकाउंटंट जाता जाता म्हणायचा, "साहेब, अमारे त्यां एक हिसाबवाळो छोकरो जोईए छे, कोई होय तो कहेजो." ना जाहिरात, ना अर्ज. जागा निघाल्याची बातमी अशी फिरते. "आम्हा दक्षिण्यांना इथे डावलतात" अशी तक्रार मी आयुष्यभर ऐकत आलो. कधी डावललंही असेल. पण तक्रारीआधी एक विचारा : जागा आहे, हे आपल्याला कळलं तरी होतं का?

इथे कोणीतरी बाह्या सरसावणारच : "म्हणजे काका, तुम्ही वशिल्याची तरफदारी करता?" अजिबात नाही. वशिला म्हणजे पात्रता नसताना आत घुसवणं. ओळख म्हणजे दार कुठे आहे ते सांगणं. आत जाऊन मुलाखत त्या मुलानेच द्यायची आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून आपण त्याला स्वाभिमान म्हणतो, आणि मुलगा घरात बसून मोबाइलवर शंभर अर्ज पाठवतो.

शहराचा फायदा तरी आपण कुठे घेतो? दांडिया बाजार, रावपुरा सोडून वासणा-भायलीच्या फ्लॅटमध्ये गेलो. शेजारी सिंधी, गुजराती, मल्याळी, कोणी रिफायनरीत, कोणी औषध कंपनीत. लिफ्टमध्ये मान हलवतो आणि वर जाऊन आपल्याच मराठी ग्रुपवर सुप्रभात टाकतो. मोबाइलमुळे जग जवळ आलं म्हणतात. आपण त्यात जुना वाडाच पुन्हा बांधला! लिंक्डइनवरच्या २ कोटींहून जास्त लोकांचा अभ्यास २०२२ साली 'सायन्स'मध्ये आला. त्यातही नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी ठरल्या त्या मधल्या, बेताच्या ओळखी.

यात नुकसान कोणाचं होतं, ते नीट बघा. डॉक्टर-इंजिनिअरच्या मुलाचं नाही, त्याच्या वडिलांच्या ओळखी न मागता कामाला येतात. नुकसान होतं भिक्षुकी करणाऱ्या गुरुजींच्या मुलाचं, पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या ताईंच्या मुलीचं. तीही बी.कॉम. झाली, टॅली शिकली. तिच्या घरात प्रेम करणारी माणसं वीस आहेत, पण कंपनीच्या ऑफिसात ओळखीचं एकही नाही. तिला पुढे काढायला आपली एकी काय कामाची?

म्हणून माझं म्हणणं निवृत्तांना आहे. बँक, विद्यापीठ, रिफायनरी, वीज मंडळ यांत तीस-पस्तीस वर्षं काढलेली माणसं आपल्यात गल्लोगल्ली आहेत. प्रत्येकाकडे शंभर ओळखी निष्क्रिय खात्यासारख्या पडून आहेत. त्या आपल्याबरोबर वर न्यायच्या आहेत का? मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातून एक रविवार दोन तास बसा. मुलांना शिफारसपत्र देऊ नका. कुठल्या क्षेत्रात कोणाशी बोलायचं ते सांगा, एक फोन लावून गाठ घालून द्या. मुलगा मराठी आहे की नाही, आपल्या पोटजातीतला आहे की नाही, हे विचारू नका. आपण दुसऱ्यांच्या मुलांना सांगू, तेव्हाच दुसरे आपल्या मुलांना सांगतील.

आणि पुढच्या समारंभात कोणी पुन्हा "एकी नाही" म्हणालं, तर टाळ्या वाजवू नका. उभं राहून विचारा, "साहेब, या वर्षी तुम्ही किती मुलांची गाठ कोणाशी घालून दिलीत?"