साइट फुकट मिळेल, वह्या कुठून आणणार?

गेल्या शनिवारी सकाळी शाळेतल्या मित्राचा फोन. तो प्राणिशास्त्राकडे गेला, मी इंजिनियरिंगला.

"अरे, पाण्यातले जीव आणि त्यांची परिसंस्था यावर एक जर्नल काढतोय. सगळ्यांनी मिळून चालवायचं. तू फक्त साइट बनवून दे."

फक्त! नोकरीला लागल्यापासून क्लायंटकडून हाच शब्द ऐकतोय. :)

म्हटलं, साइटचं सोड. ओपन जर्नल सिस्टिम्स नावाचं सॉफ्टवेअर वीसेक वर्षांपासून फुकट मिळतंय. लेख घेणं, तज्ज्ञांकडे तपासायला पाठवणं, दुरुस्त्या, प्रकाशन, सगळं त्यात आहे. उद्या दुपारपर्यंत उभं करतो. पण "सगळ्यांनी" म्हणजे कोणी? तर म्हणे, पाच विद्यापीठांतले बारा प्राध्यापक.

इथे आमचं वाजलं.

आता बघा, कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं लंडनमध्ये छापली. त्यातला पुण्याच्या मुळा-मुठेतला महसीर आज टॉर खुद्री म्हणून ओळखला जातो. 'खुद्री' हे इथल्या लोकांच्या तोंडचं नाव. नाव त्यांचं, शोध साहेबाचा!

हा झाला मानापमानाचा भाग. नुकसानीचा भाग पुढे आहे.

याच खुद्रीची पिल्लं लोणावळ्याच्या हॅचरीत तयार व्हायची आणि १९७०च्या दशकापासून ती कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला महसीर होता. तो कमी होतोय हे कळलं कसं? गालिबोरच्या कॅम्पवर हौशी लोक गळाने मासे पकडून, वजन करून परत सोडत. किती तास बसलो, किती मिळाले, हे ते लिहून ठेवत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या सहा हजारांवर माशांच्या या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०१५ साली छापल्या. एकूण महसीर वाढत होते! पण वाढत होता तो बाहेरून आलेला. कुबडवाला नाहीसा होत चालला होता. त्याची शास्त्रीय ओळख, टॉर रेमादेवी, पक्की झाली २०१८ साली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

म्हणजे नुसत्या आकड्यावर विसंबलो असतो तर सगळं छान चाललंय असंच वाटलं असतं. आणि नुसते तज्ज्ञ असते तर चौदा-पंधरा वर्षं रोज नदीवर कोण बसणार होतं? वही हवी आणि वही तपासणाराही हवा. ओपन सोर्समध्ये आम्ही हेच करतो. कोड कोणीही पाठवावा, पण रिव्ह्यू झाल्याशिवाय आत घ्यायचा नाही. आणि आत घेतला की ज्याचा त्याचं नाव लागतं.

म्हणून मित्राला तीन अटी घातल्या. एक, पानभराच्या नोंदीही छापायच्या: तारीख, जागा, किती वेळ शोधलं, फोटो. "चार तास जाळं टाकलं, काही मिळालं नाही" हीसुद्धा नोंदच. पुढे हाच मासा कमी झाला का, हे त्यावरूनच कळेल. दोन, नोंद देणारा भोई असो की मासेमारीची हौस असलेला बँकेतला क्लार्क, नाव लेखकांत लागेल, आभारात नाही. तीन, छापायला पैसे घ्यायचे नाहीत आणि प्रत्येक लेखाचा सारांश त्या नदीकाठच्या भाषेत द्यायचा.

"दर्जाचं काय?" तो म्हणाला.

दर्जा तपासणीत असतो रे, पाठवणाऱ्याच्या डिग्रीत नाही. उलट तपासणाऱ्याचं काम वाढेल, हे मान्य. तुझे बारा प्राध्यापक तिथेच लागतील.

"विचार करतो," म्हणाला. असो. साइट रविवारी दुपारी तयार झाली. त्याचा विचार अजून चालू आहे.